वैलावरची वीज

चावदिसाच्या, म्हणजे नरक चतुर्दशीच्या पहाटे सिंधुदुर्गातल्या एका घरात एकाच वेळी किती विस्तव लागतात, हे एकदा मोजून पाहावे. न्हाणीतल्या चुलीवर अंघोळीच्या पाण्याचे भांडे चढलेले असते आणि त्याखाली माडाची चुडते, नारळाची सोडणे धडधडत असतात. तुळशीपुढे कारीट फुटले, जिभेला त्याचा कडू थेंब लागला, की सगळे पोह्यांकडे वळतात. एका प्रकारच्या पोह्यांनी भागत नाही. गुळाचे हवेत, दुधातले हवेत, ताकातले, नारळाच्या रसातले आणि फोडणीचेही हवेत. शिवाय शेजारपाजारच्यांना बोलवायचे असते आणि त्यांच्याकडे जायचेही असते. दोन बर्नरच्या गॅसवर एकीकडे चहा, दुसरीकडे दूध. मग फोडणीच्या पोह्यांची कढई ठेवायची कुठे?

मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याकडच्या काही घरांत आता या प्रश्नाचे उत्तर भिंतीतल्या प्लगपाशी मिळते. ओट्याच्या कडेला एक सपाट बुडाची, झाकणाची, विजेवर तापणारी कढई मांडलेली असते. कुणी तिला इलेक्ट्रिक पॅन म्हणते, कुणी मल्टी-कुकर, तर मुंबईहून आलेली चाकरमान्याची सून नुसतेच ‘इलेक्ट्रिक कढई’ म्हणते. अमेरिकेत याच भांड्याला स्किलेट म्हणतात.

जुन्या कोकणी स्वयंपाकघराला या भांड्याची जागा सांगावी लागत नाही, कारण ती जागा तिथे आधीपासून आहे. चुलीला लागून वैल असायचा. मुख्य जाळ चुलीत आणि त्याची उरलेली धग वैलावर. चुलीवर भात शिजत असे, वैलावर आमटी मुरत असे किंवा दूध तापत असे. गॅस आला आणि दोन्ही बर्नर सारखेच झाले, त्यामुळे वैल ही कल्पना मोडली. विजेची कढई तीच रिकामी जागा भरते आहे. ती चुलीची सवत नव्हे, वैलाची वारस आहे. हे ध्यानात घेतले की तिच्याकडून काय मागावे आणि काय मागू नये, तेही कळते.

या भांड्याची रचना साधी आहे. बुडातच नळीत बसवलेली तापणारी तार असते आणि बाजूला तापमान राखणारा थर्मोस्टॅट. ठरवलेले तापमान आले की तो वीज तोडतो, भांडे निवू लागले की पुन्हा जोडतो. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सनबीम कंपनीने अशी ‘ऑटोमॅटिक फ्रायपॅन’ बाजारात आणली आणि त्या दशकात तिथल्या मध्यमवर्गीय घरांत ती झपाट्याने पसरली. त्यामागची कल्पना छोटी पण मोलाची होती: आच डोळ्यांनी जोखण्याऐवजी आकड्याने ठरवायची.

मराठी स्वयंपाकाला हा आकडा अनोळखी आहे. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० मधल्या ‘रुचिरा’ने मराठी घरांना वाटी-चमच्याचे माप दिले. पदार्थ अंदाजाने नव्हे तर मोजून करता येतो, ही त्या पुस्तकाची मोठी देणगी. पण जिन्नस मोजले गेले तरी आच मात्र मंद, मध्यम आणि मोठी अशी तीन शब्दांतच राहिली. मंद म्हणजे किती, हे आईच्या शेजारी उभे राहूनच शिकायचे. विजेच्या कढईचा खटका १८० अंशांवर ठेवणे म्हणजे ज्ञानाचा हा शेवटचा तुकडाही आकड्यात आणणे. अनुभवी हाताला त्याची गरज नाही. पण पुण्या-मुंबईच्या खोलीवर पहिल्यांदा बांगडा तळायला घेतलेल्या मालवणी मुलाला आहे, आणि चांगलीच आहे.

बांगड्याचेच उदाहरण घेऊ. तिखट, हळद, मीठ, कोकमाचे आगळ लावून मुरवलेला बांगडा तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तव्यावर जातो. तेल पुरेसे तापलेले नसेल तर पीठ तेल पिते आणि कातडी तव्याला चिकटते. जास्त तापले तर रवा करपतो आणि काट्याजवळचे मांस कच्चे राहते. घाण्याचे खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धुरायला लागते, म्हणजे चुकायला जागा फारच थोडी. गॅसवर बाई सतत बर्नरची कळ फिरवत असते, विजेच्या कढईत ते काम थर्मोस्टॅट करतो. ३० सेंटिमीटरच्या कढईत मध्यम आकाराचे चार बांगडे आडवे बसतात. १५०० वॅटची कढई तापवण्यापासून दोन्ही बाजू परतेपर्यंत २० मिनिटे धरली, तरी वीज अर्ध्या युनिटाच्या आत लागते. नॉनस्टिकच्या थराला २६० अंशांच्या पुढची उष्णता सोसत नाही. थर्मोस्टॅट नीट असेल तर भांडे तिथवर जातच नाही, हा आणखी एक फायदा.

तिसऱ्यांचे सुके या भांड्यात सुरेख होते. तिसऱ्या स्वतःचे पाणी सोडतात, त्यांना फक्त घट्ट झाकण आणि बेताची धग हवी. कांदा परतायचा, तिसऱ्या घालायच्या, झाकण, आणि मग भाजलेल्या खोबऱ्याचे वाटप. सगळे एकाच भांड्यात होते आणि तेच भांडे पानावर येते. कुळथाची पिठी ही तर मंद आचेचीच मिजास. गॅसची ज्योत अगदी बारीक केली की खिडकीतल्या वाऱ्याने विझते, इथे ती भीती नाही. पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत, जेव्हा ताजे मासे नसतात आणि पिठी-भात हेच जेवण असते, तेव्हा या कढईचा खरा उपयोग कळतो. कोंबडीबरोबरचे वडेही जमतात. तेल १८० अंशांवर धरून ठेवले की वडा तळाशी जातो, वर येतो आणि टम्म फुगतो. फक्त एका वेळी दोन-तीनच तळायचे. थंड वड्यांचा ढीग एकदम पडला की तेलाची धग बसते, आणि ती परत चढायला विजेला गॅसपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता जे जमत नाही तेही सांगायला हवे. घावणे नीट होत नाहीत. घावण्याला बिडाचा तवा लागतो, कारण जाड बीड उष्णता पोटात साठवून ठेवते. पातळ पीठ पडले तरी तवा खचत नाही आणि घावण्याला जाळी सुटते. स्वस्त विजेच्या कढईत तापणारी तार गोल वळशाची असते. घावण्यावर तिचाच तपकिरी गोल उमटतो आणि मधला भाग पांढरा, ओला राहतो. सुका बांगडा तर निखाऱ्यावरच भाजावा. त्या वासाला आणि चवीला विजेकडे उत्तर नाही, आणि ते तिच्याकडे मागूही नये. गणपतीत मुंबईकर घरी आले की २०-२५ माणसांची पंगत बसते. तिथे चार-पाच माणसांची ही कढई नुसती पापड तळायला उरते. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेत घरोघरच्या बायका मौन पाळून जो प्रसाद रांधतात, त्या चुलीच्या जवळपासही हिने फिरकू नये.

घावण्यांसाठी ज्यांना वीजच वापरायची आहे, त्यांना एक आनंदाची गोष्ट सांगता येते. आजीचा बिडाचा तवा इंडक्शनवर चालतो. इंडक्शनची शेगडी चुंबकीय क्षेत्राने भांडेच तापवते, त्यामुळे तिला लोखंडाच्या जातीचे, सपाट बुडाचे भांडे लागते. बीड त्यात चपखल बसते. तवा एकदम मोठ्या आचेवर ठेवायचा नाही, नाहीतर तडकण्याची भीती. आणि काचेवर घासायचा नाही. अडचण येते ती इतर भांड्यांची. मालवणी घरातले टोप बहुतेक ॲल्युमिनियमचे, जुनी भांडी पितळेची, माशाची आमटी मातीच्या मडक्यात. यांतले काहीच साध्या इंडक्शनवर तापत नाही. विजेच्या कढईचा हा त्रास नाही, तिचे भांडे तिच्याबरोबरच येते.

वीज मात्र तिच्याबरोबर येत नाही. ती खांबावरून येते, आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर खरी गोष्ट इथून सुरू होते.

कोकणातले गाव म्हणजे एका ठिकाणी वसलेली घरे नव्हेत. वाड्या माडा-पोफळींतून, डोंगराच्या उतारावर, खाडीच्या कडेने विखुरलेल्या. देवबाग तर कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर लांबलचक पसरलेले. ट्रान्स्फॉर्मर एका टोकाला आणि शेवटचे घर दुसऱ्या टोकाला असले की मधल्या तारेतच दाब गळत जातो. संध्याकाळी सात वाजता सगळीकडे दिवे, पंखे, पंप, पर्यटकांच्या खोल्यांतले एसी सुरू होतात आणि शेवटच्या घरातला बल्ब पिवळा पडतो.

बल्ब पिवळा पडला की कढईचे काय होते? तापणाऱ्या तारेची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १५०० वॅट देणारी कढई १८० व्होल्टला साधारण ९२० वॅटच देते. व्होल्टेज पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त उतरले, पण धग जवळजवळ चाळीस टक्क्यांनी गेली. बांगडा चिकटतो, वडा तेल पितो, आणि गृहिणीला वाटते भांडेच वाईट. भांडे वाईट नसते. इंडक्शनची शेगडी अशा वेळी आणखी स्पष्ट बोलते: दाब फार उतरला की ती एरर दाखवून बंदच पडते. घरगुती वीजपुरवठ्यात २३० व्होल्टच्या खाली-वर सहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू नये, असा नियम आहे. म्हणजे सुमारे २१६ ते २४४. शेवटच्या घरातल्या बाईला हा आकडा माहीत असणे हा तिचा हक्क आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. १५०० वॅटची कढई साडेसहा अँपिअर प्रवाह ओढते. जुन्या घरांत पाच अँपिअरचे, मोबाईल चार्जर लावायचे छोटे प्लग असतात, त्यात हे भांडे खुपसणे म्हणजे आगीला आमंत्रण. त्यात किनाऱ्याची खारी हवा. तिने तांब्याच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, पकड सैल होते, सैल जोड तापतो, आणि एके दिवशी प्लगमधून जळक्या प्लास्टिकचा वास येतो. तो वास आला तर भांडे नव्हे, आधी प्लग बदलावा. अर्थिंगचेही तसेच. जांभ्याच्या कोरड्या सड्यावर किंवा वरच्या सुक्या वाळूत नुसती सळई ठोकून भागत नाही. खोल खड्डा, कोळसा, मीठ आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी हवे. ओल्या हाताने, ओल्या लादीवर उभे राहून धातूच्या भांड्यात चमचा फिरवणाऱ्या माणसासाठी ही हौस नाही, ते जिवाचे रक्षण आहे. सोबत गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी बसवला तर उत्तमच.

हा धोका चाकरमान्यांना जुना आहे. मुंबईच्या गिरणगावातल्या खोल्यांत विजेची कॉइलची शेगडी होती. चिनीमातीच्या गोल तबकडीवर वळणावळणाची खाच आणि त्यात उघडी नायक्रोमची तार. तार तुटली की पक्कडीने पीळ देऊन जोडायची, पुन्हा चालू. दूध उतू गेले की तारेवर सांडायचे, भांड्याला हात लावला की धक्का बसायचा. तिच्यावर रात्रपाळीहून आलेल्या कामगारांनी चहा केला, भात शिजवला. कॉइलच्या शेगडीपासून झाकलेल्या तारेच्या, तापमान राखणाऱ्या कढईपर्यंतचा प्रवास हा सुरक्षेचाही प्रवास आहे, फक्त भिंतीतली वायरिंग मागे राहता कामा नये.

सिंधुदुर्गातून पुढे गेलेल्या एका पिढीकडे हे भांडे वेगळ्या वाटेने आले. अमेरिकेत मासे तळणे हा मराठी घरांत नेहमीचा पेच. लाकडी घर, गालिचे, धूर झाला की कोकलणारा अलार्म आणि चार दिवस न हटणारा वास. म्हणून कित्येक घरांत विजेची स्किलेट गराजमध्ये किंवा मागच्या डेकवर नेतात, तिथे सुरमई तळली जाते आणि घरात फक्त ताट येते. मे महिन्यात गावी येताना कुणी तीच स्किलेट आईसाठी घेऊन येण्याचा विचार करत असेल, तर कृपया करू नये. तिथली वीज १२० व्होल्टची. १२०० वॅटची ती कढई इथल्या २३० व्होल्टला जोडली तर साडेतीन पटींहून जास्त, म्हणजे जवळपास ४४०० वॅट ओढू पाहील आणि काही क्षणांत जळून जाईल. आईला भेट द्यायची तर कुडाळच्या बाजारातून द्यावी.

आता पैशांचा हिशेब. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, त्यातली उष्णता युनिटांत मोजली तर साधारण १८० भरते. गॅसच्या ज्योतीची बरीच धग भांड्याच्या कडेने निघून जाते, विजेच्या कढईत ती बुडातच राहते. हा फरक धरला तर एका सिलिंडरचे काम करायला सुमारे १४० ते १५० युनिट वीज लागते. १०० युनिटांच्या आतला दर सहा रुपयांच्या आसपास धरला तर वीज आणि गॅस जवळजवळ बरोबरीत येतात. पण महावितरणच्या घरगुती दराचा पुढचा टप्पा १०१ ते ३०० युनिटांचा आहे आणि त्यात युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. छोट्या घराचे बिल पंखा, फ्रिज, टीव्ही, पंप यांनीच शंभरच्या जवळ गेलेले असते. म्हणजे कढईत जाणारे प्रत्येक युनिट वरच्या, महागड्या टप्प्यातले. सगळा स्वयंपाक विजेवर नेला तर आजच्या दरात तो महाग पडतो. रोजचे एखाद-दोन पदार्थ नेले तर सिलिंडर चार-आठ दिवस जास्त पुरतो आणि बिल फारसे हलत नाही. अर्थशास्त्रही वैलाच्याच बाजूने बोलते.

देशाचे चित्र याहून वेगळे नाही. २०११ च्या जनगणनेत मुख्यतः विजेवर स्वयंपाक करणारी घरे ०.१ टक्का होती. २०२० मध्ये सीईईडब्ल्यू या दिल्लीच्या संशोधन संस्थेच्या पाहणीत विजेचे एखादे तरी स्वयंपाकाचे साधन वापरणारी घरे सुमारे पाच टक्के निघाली. शहरांत दहाच्या आसपास, खेड्यांत तीनच्या आत. आणि त्यांतही बहुतेकांकडे गॅस होताच.

विजेवर पूर्ण विसंबणे किनाऱ्याला परवडणारही नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेले. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात माड-आंबे कोसळले, त्यांनी तारा ओढल्या, खांब आडवे झाले आणि कितीतरी वाड्या दिवसेंदिवस अंधारात राहिल्या. पंप बंद, त्यामुळे विहिरीचे पाणी कळशीने ओढायचे. फ्रिजमधले मासे गेले. त्या दिवसांत पेज शिजली ती चुलीवर, पडलेल्या माडांच्या चुडतांवर. ज्यांनी न्हाणीतली चूल मोडली नव्हती, त्यांनी शेजारच्यांनाही जेवू घातले. मुले ‘लाईट इली!’ म्हणून ओरडली तो दिवस वाडीवाडीत वेगळा होता.

म्हणून चुलीचे गोडवे गावेत, असे नाही. बंद स्वयंपाकघरातला लाकडाचा धूर किती घातक आहे, हे कर्क स्मिथ या संशोधकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत मोजून दाखवले आणि जगाचे लक्ष तिकडे वळवले. घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभर ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चूल न्हाणीत, मांगरात, खळ्यात असावी. कोंडलेल्या खोलीत, फुंकणी घेऊन वाकलेल्या बाईच्या तोंडासमोर असू नये.

गॅसचेही परावलंबन मोठे आहे. आपल्या एलपीजीचा निम्म्याहून जास्त हिस्सा आयात होतो, मुख्यतः आखाती देशांतून. नेपाळने अशा परावलंबनाचा चटका २०१५ मध्ये घेतला. सीमेवरची नाकेबंदी सप्टेंबरमध्ये सुरू झाली, सिलिंडर मिळेनात, आणि काठमांडूतल्या लोकांनी इंडक्शनच्या शेगड्या मिळतील तिथून उचलल्या. इक्वेडोर सरकारने २०१४ पासून घरोघरी इंडक्शन नेण्याची मोहीम काढली आणि नोंदणी करणाऱ्या कुटुंबाला स्वयंपाकासाठी महिन्याला ८० युनिट वीज मोफत दिली. ठरवलेले उद्दिष्ट त्यांना गाठता आले नाही. पण स्वयंपाकाची वीज हा वेगळा विषय आहे, हे त्यांनी मान्य केले.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘गो इलेक्ट्रिक’ मोहिमेच्या उद्घाटनात नितीन गडकरी यांनी विचारले होते की आयात गॅसला अनुदान देतो, तर विजेच्या स्वयंपाकाच्या साधनांना का देऊ नये. प्रश्न योग्य होता. पण सिंधुदुर्गातल्या घराला भांड्यावरच्या सवलतीपेक्षा दोन गोष्टींची गरज जास्त आहे. पहिली, संध्याकाळी सात वाजता २१६ व्होल्टच्या खाली न जाणारी वीज. दुसरी, स्वयंपाकाच्या युनिटांना वरच्या टप्प्याची शिक्षा न देणारा दर. विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगसाठी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने वेगळा वर्ग केला आहे. मोटारीला जे मिळाले ते पेजेच्या टोपाला मिळायला हरकत नसावी. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या या जिल्ह्यात तारकर्ली-देवबागच्या निवास-न्याहारीच्या खोल्यांत पाहुण्यांसाठी एसी चालतो, त्याच लाइनवर शेवटच्या घरातली कढई थंड पडते. तिथे नवा ट्रान्स्फॉर्मर बसवणे हे पर्यटनाचेच काम आहे.

या दिवाळीत घरात विजेची कढई घ्यायची असेल, तर आधी वायरमनला बोलवा. १५ अँपिअरचा वेगळा पॉईंट आणि अर्थिंग तपासून घ्या. संध्याकाळी सात वाजता मीटरपाशी व्होल्टेज मोजायला सांगा. आकडा २१६ च्या खाली असेल तर १९१२ वर फोन करा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा आणि वाडीतल्या पाच-दहा घरांच्या सह्यांचा अर्ज महावितरणच्या कार्यालयात पोचता करून त्याची पोच घ्या.